गाडी चालवताना पाय दुखतो? मलम नंतर, आधी सीट

माझा डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी आधी वयाला दोष दिला, मग पावसाळ्याला, मग सोसायटीच्या बंद लिफ्टला. गाडीचा संशय यायला तीन महिने गेले. शनिवार-रविवारी गुडघा गप्प असतो आणि सोमवारी संध्याकाळी बोलायला लागतो, हे लक्षात आलं तेही बायकोच्या. रोज कोथरूडहून चांदणी चौकातून हिंजवडी, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा खंबाटकी, उंब्रज, पाटण, कुंभार्ली करत चिपळूणला घरी, एवढाच माझा गाडीशी संबंध. फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत एक्स-रे पुढे केला. तिनं तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "गाडी गियरची की ऑटोमॅटिक? आणि चालवताना डावा पाय कुठं असतो तुमचा?"

डावा पाय कायम क्लचवर असायचा. तसं सांगितल्यावर ती नुसतीच हसली.

त्यानंतर जे शिकलो, करून पाहिलं आणि टिकलं ते इथं क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांची नावं इथं मिळणार नाहीत. पण गाडीत होणारी बरीचशी पायदुखी सीट, पाय ठेवायची सवय आणि गाडीची अवस्था या तीन गोष्टींत असते, आणि त्यातल्या पहिल्या दोन सुधारायला एक पैसा लागत नाही.

आधी दुखण्यावर बोट ठेवा

पायाला रग लागते, पाय भरून येतात, अवघडतात, पोटरीत वांब येतो, मुंग्या येतात, कळ मारते, ठणका लागतो. आपण हे सगळं "पाय दुखतो" या दोन शब्दांत कोंबतो आणि तिथंच घोळ होतो. रग बहुधा स्नायूची असते, मुंग्या नसेच्या असतात, आणि पाय भरून येणं हे बरेचदा खाली साचलेल्या रक्ताचं काम. म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या, दोन मिनिटांच्या आत, दुखऱ्या जागेवर बोट ठेवा आणि नेमका शब्द ठरवा. घरी पोचून चहा होईपर्यंत ती जागा नीट आठवत नाही. मी आठवडाभर मोबाइलमध्ये एकेक ओळ लिहून ठेवली होती.

गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखत असेल आणि उतरल्यावर पहिली चार पावलं लाकडाची वाटत असतील, तर गुडघा फार वेळ फार दुमडलेला राहतोय. अशा वेळी वाटी मांडीच्या हाडावर दाबून बसते. तीन तासांचं नाटक बघून उठताना होतं तेच हे. डाव्या गुडघ्यात असेल तर त्यात क्लचची भर पडलेली असते. सीट फार पुढे किंवा फार खाली असण्याची शक्यता मोठी.

उजव्या नडगीच्या पुढच्या बाजूला रग लागत असेल तर पाऊल ॲक्सिलरेटरवर अधांतरी धरलं जातंय, टाच खाली टेकत नाही. पोटरीत रग किंवा वांब येत असेल तर उलट: सीट फार मागे आहे आणि तुम्ही बोटांच्या टोकांनी पेडल गाठताय.

मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्यामागच्या लवणीजवळ मुंग्या आल्या तर सीटची पुढची कड मांडीत रुतते आहे. पण कळ कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जात असेल, तर ती सायटिक नसेची तक्रार. तिचं मूळ कंबरेत असू शकतं किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात.

दोन दुखणी अशी आहेत की ती गाडीमुळे होत असतील असं सुचतच नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा पट्टा बधिर होतो किंवा जळजळतो, पण पायातली ताकद शाबूत असते. जांघेपाशून जाणारी, फक्त त्वचेला संवेदना देणारी एक नस घट्ट पट्ट्यानं, टाइट जीन्सनं किंवा सुटलेल्या पोटानं दाबली जाते, बसल्यावर जास्तच. दुसरं म्हणजे गुडघा दरवाजाला किंवा गियरच्या बाजूच्या कन्सोलला टेकवून बसायची सवय. गुडघ्याच्या बाहेर, किंचित खाली, हाडाचा जो उंचवटा लागतो त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीलगत जाते. ती दाबली गेली की नडगीच्या बाहेरून पावलापर्यंत मुंग्या येतात, आणि फारच दाबली गेली तर पाऊल वर उचलणं जड जातं. पहिल्या दुखण्यावर उपाय पट्टा एक भोक सैल करणं. दुसऱ्यावर, गुडघा सरळ ठेवणं.

सीट लावा, या क्रमानं

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि पायात रोज गाडी चालवताना घालता तेच बूट. चालत्या गाडीत सीटचा खटका कधीही ओढू नका. सीट अचानक मागे सरकली तर पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही.

सुरुवात खिशापासून. पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल बाहेर काढा. पाकीट एकाच कुल्ल्याखाली असलं की कंबर तिरकी होते आणि खालची नस दाबली जाते. पाकिटात पैसे नसले तरी कार्डं आणि पेट्रोलपंपाच्या पावत्या असतातच.

आता ढुंगण सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण ढकलून बसा. इथं अर्धवट बसलात तर पुढची सगळी मापं चुकतात.

उंची बदलता येत असेल तर आधी ती ठरवा. खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर आले पाहिजेत. खुबे खाली आणि गुडघे वर असं झालं की प्रत्येक वेळी क्लच दाबायला मांडी उचलावी लागते आणि वाटीवरचा दाब वाढतो. डोकं आणि छत यांच्यात मूठभर जागा राहू द्या. जुन्या गाड्यांत उंची बदलता येत नाही. तिथं कापडी कव्हरची, न घसरणारी, घट्ट उशी चालते. लोळणारी, मऊ उशी नको.

मग अंतर. याचं माप क्लचवरून घ्यायचं, ब्रेकवरून नाही, कारण क्लच सगळ्यात खोल जातो. चवड्यानं क्लच तळापर्यंत दाबा. त्या स्थितीतही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट मागे आहे. गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या भागाला लागत असेल तर पुढे आहे. माझी सीट दोन खटके पुढे होती. नवीन असताना ज्यानं शिकवलं त्यानं "पुढे बस, बोनेट दिसलं पाहिजे" असं बजावलं होतं, आणि मी सतरा वर्षं ते पाळत होतो.

लवण आणि सीटची कड यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जाताहेत का ते बघा. बुटक्या माणसांची, विशेषतः अनेक बायकांची, खरी अडचण इथं असते: पाठ टेकवली तर कड लवणीत रुतते, आणि पुढे सरकलं तर पाठ अधांतरी. अशा वेळी पाठीमागे पातळ, घट्ट उशी घ्या. तिनं पूर्ण शरीर पुढे येतं आणि लवण मोकळी होते. मात्र छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात साधारण २५ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे, कारण त्या मध्यात एअरबॅग आहे. उंच माणसांचं दुखणं उलटं. सीट आखूड पडते, मांड्या हवेत राहतात आणि सगळा भार ढुंगणावर येतो. पाय अवघडतात ते त्यामुळे. मांडीखाली, सीटच्या पुढच्या भागात, घडी घातलेला पातळ टॉवेल कव्हरच्या आत बसवा. वर नुसता ठेवलेला टॉवेल घसरून पेडलखाली जाऊ शकतो.

पाठीचा कल शेवटी. काटकोनात बसायचं नाही आणि आरामखुर्चीसारखं लोळायचंही नाही. काटकोनापेक्षा दहा ते वीस अंश मागे, एवढं बहुतेकांना मानवतं. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे केलात तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. कंबरेच्या खोलगट भागात काही आधार नसेल तर नॅपकिन गुंडाळून ठेवा.

हे सगळं झालं की ताठ बसून आतला आरसा लावा. तासाभरानं आरशात मागची काच अर्धीच दिसायला लागली, तर आरशाला हात लावू नका. आरसा हललेला नसतो, तुम्ही घसरलेले असता.

डावा पाय

एका दिवशी मी घर ते ऑफिस क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं, आणि तेव्हा भूमकर चौक यायचा होता. गुडघ्याला व्यायाम म्हणून कुणी सकाळ-संध्याकाळ इतक्या वेळा तेच एक काम करायला सांगितलं असतं तर मी डॉक्टर बदलला असता.

ही संख्या कमी करता येते. गर्दीत पुढची गाडी चार फूट सरकली की लगेच चार फूट सरकायचं, ही सवय सोडा. एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिला गियर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या. बहुतेक गाड्या पहिल्या गियरमध्ये ॲक्सिलरेटरशिवाय माणसाच्या चालीइतक्या वेगानं सरकतात. मध्ये एखादी रिक्षा घुसेल. घुसू दे, ती हिंजवडीला तुमच्याआधी पोचत नाही. मागचे हॉर्न वाजवतील, ते एरवीही वाजवतातच.

सिग्नलला गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला उंचवटा दिलेला असतो, त्याला डेड पेडल म्हणतात. चालत्या गाडीतही गियर बदलायचा नसेल तेव्हा पायाची जागा तीच. क्लचवर नुसता "टेकवलेला" पाय हा खरं तर हवेत धरलेला पाय असतो. मांडी आणि नडगी पूर्ण वेळ राबत असतात. शिवाय त्या हलक्या दाबानं क्लच किंचित सुटलेला राहतो, रिलीज बेअरिंग आणि क्लच प्लेट झिजते. गुडघ्याचं बिल आणि गॅरेजचं बिल एकाच सवयीतून येतं. काही छोट्या गाड्यांत डेड पेडल नसतं. तिथं पाय क्लचच्या खालून मागे घेऊन जमिनीवर सपाट ठेवा.

चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणं हा आपल्याकडे कौशल्याचा पुरावा समजला जातो. शनिवारी सकाळी खंबाटकीच्या चढावर रांग लागलेली असताना हे कौशल्य दाखवणाऱ्यांच्या क्लचचा जळका वास पाच गाड्या मागे येतो. गुडघ्याच्या दृष्टीनं हे सगळ्यात वाईट काम, कारण अर्धवट वाकलेल्या स्थितीत तो दाब धरून ठेवतो. थांबलात की हँडब्रेक. निघताना पहिला गियर, क्लच हळूहळू सोडत गाडीचं नाक किंचित उचललं गेल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवायची सोय, असेल तर तो दोन-तीन सेकंदांची मदत करतो, रांगेभर नाही.

दाबायची पद्धतही बघा. चवडा पेडलच्या मध्यावर, आणि जोर मांडीतून. घोट्यातून ढकललात तर पोटरी भरते. पाऊल बाहेरच्या बाजूला फाकवून दाबलं तर गुडघ्याला पीळ बसतो.

उजवा पाय

इथं सांगण्यासारखं थोडंच आहे. टाच जमिनीवर, ब्रेकच्या साधारण समोर. ब्रेककडून ॲक्सिलरेटरकडे जाताना पाऊल टाचेवर फिरवायचं, प्रत्येक वेळी सगळा पाय उचलून ठेवायचा नाही. टाच टेकत नसेल तर सीट पुन्हा तपासा. तरीही टेकत नसेल तर दोष चपलांचा.

चप्पल, स्लिपर, कोल्हापुरी घालून गाडी चालवू नका. मागून सुटलेली चप्पल धरून ठेवायला पायाची बोटं सतत आवळलेली राहतात, तळपाय आणि पोटरी त्यानंच दुखतात. वर ती पेडलखाली अडकू शकते हे वेगळंच. उंच टाचा असतील तर गाडीत सपाट बुटांचा एक जोड ठेवा, पण तो मागे ठेवा. ड्रायव्हरच्या पायाशी बूट, पाण्याची बाटली, छत्री काहीही नको. मूळ मॅटवर टाकलेली दुसरी मॅटही नको. पळायचे जाड, मऊ तळव्यांचे बूट आरामदायी वाटतात, पण पेडलचा अंदाज येत नाही आणि पाय गरजेपेक्षा जास्त जोर लावत राहतो.

कधी कधी दोष गाडीचाच

क्लच एका दिवसात जड होत नाही, दोन-तीन वर्षांत होतो, त्यामुळे रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ते कळत नाही. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे त्याच मॉडेलची, कमी चाललेली कुणाची तरी गाडी पाच मिनिटं चालवून बघणं. मी शेजाऱ्यांची चालवली आणि पहिल्याच दाबाला पाय तळाला आपटला, इतका फरक होता.

अनेक छोट्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. केबल आतून सुकते, तिची तार एकेक करून तुटत जाते आणि पेडल जड होतं, कधी कधी करकरतं. केबल बदलणं हे किरकोळ काम आहे. केबल नवी टाकूनही पेडल जड राहिलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बघावं लागतं, म्हणजे गियरबॉक्स उतरवणं आलं आणि खर्चही. क्लच अगदी वर येऊन धरत असेल किंवा चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नसेल, तर प्लेट संपत आली आहे. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल उलट पोकळ, खाली गेलेलं वाटत असेल तर ऑइल गळतंय का ते पाहायला सांगा. माझ्या गॅरेजवाल्यानं आधी "सगळ्यांचा असाच असतो" म्हणून वाटेला लावलं होतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये केबल काढून दाखवली, तर निम्म्या तारा तुटलेल्या.

सीटही खचते. सात-आठ वर्षांच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा फोम मध्यभागी बसलेला असतो. शेजारच्या सीटवर बसून बघा, फरक लगेच कळतो. फोम भरून देणारे कुशनवाले बहुतेक गावांत आहेत. मण्यांच्या कव्हरनं घाम कमी येतो, पण खचलेला फोम त्यानं वर येत नाही.

लांबचा प्रवास

शहरात पाय दमतात ते हालचालींनी, महामार्गावर हालचाल नसल्यानं. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर, हृदयाकडे ढकललं जातं. तासन्‌तास पाय एका जागी राहिले की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचतं, पाय भरून येतात आणि मोज्यांचे वळ उठतात. ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे याचं उत्तम उदाहरण. क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीनं आपणहून एकच वेग धरायची सोय, लावला की दोन्ही पायांना काम उरत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून माणूस थांबत नाही. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर नेमकं उलटं: चार तास पहिला-दुसरा गियर, आणि पाय काढायला सवड नाही.

दर दोन तासांनी थांबा, पाय दुखत नसले तरी. आधीच दुखणं असेल तर तासाभरानं. चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केला की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढायला लागतो. निरोगी माणसात तो एरवी लहानच असतो, पण थांबण्यानं आणखी कमी होतो. व्यावसायिक चालकांसाठी तर १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमातच होतं की पाच तासांहून जास्त सलग काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. प्रत्यक्षात किती ड्रायव्हरांना ती मिळते हे कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. तुमच्याकडे पगारी ड्रायव्हर असेल तर निदान तुम्ही ती द्या.

थांबायची जागा म्हणजे पेट्रोलपंप, ढाबा, फूड मॉल. द्रुतगती मार्गाच्या कडेला पिवळ्या-पांढऱ्या रेघेबाहेर उभं राहून पाय ताणू नका. मागून डुलकी लागलेला कुणी आला तर तुमच्या पोटरीची काळजी मिटेल.

खाली उतरल्यावर थेट वड्यापाशी जाऊन पुन्हा बसायचं नाही. आधी तीन-चार मिनिटं चाला. मग गाडीला हात टेकवून टाचा वीस वेळा वर-खाली. एक पाय मागे, टाच जमिनीवर दाबून, पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुका आणि वीस-तीस सेकंद थांबा, दोन्ही पाय. एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं पाऊल मागून ढुंगणाकडे ओढा, मांडीची पुढची बाजू सुटते. बाकावर बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा आणि पाठ ताठ ठेवून पुढे वाका, कुल्ल्यात ताण जाणवेल. सगळं मिळून सात मिनिटं. लोक बघतात. दोन प्रवासांनंतर त्यातलेच काही जण करायला लागतात, हे मी पाहिलंय.

पाणी पीत राहा. रस्त्यात स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिणं ही आपल्याकडे, बायकांची तर नाइलाजाची, सवय आहे, आणि पोटरीत वांब येण्यामागे बरेचदा तीही असते. थांबे आधी ठरवून घेतले तर हा प्रश्न थोडा तरी सुटतो. इलॅस्टिकची नीकॅप घालून लांब गाडी चालवू नका. बसल्यावर ती लवणीत गुंडाळली जाते आणि रक्त अडवते.

चालत्या गाडीत वांब आला तर

चालवता चालवता पाय ताणायचा प्रयत्न करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, डावीकडचा इंडिकेटर द्या, वेग उतरू द्या आणि सुरक्षित जागी बाजूला घ्या. डाव्या पोटरीत वांब आल्यामुळे क्लच दाबता येत नसेल तरी उजव्या पायानं ब्रेक लावून गाडी थांबवता येते. शेवटी इंजिन धक्का देऊन बंद पडेल, पडू दे. थांबल्यावर हँडब्रेक, धोक्याचे दिवे, आणि उतरण्याआधी मागून कुणी येत नाही ना ते बघा. मग गुडघा सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढून धरा, पोटरी चोळा. सुटल्यावर लगेच निघू नका, तोच वांब दहा मिनिटांत परत येतो.

घरी करायचं, रोज दहा मिनिटं

माझ्या गुडघ्याला शेवटी आराम पडला तो मांडी बळकट झाल्यावर. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, हळू खाली, असं दहा-बारा वेळा. उताणं झोपून, गुडघे दुमडून ढुंगण वर उचलायचं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. तळपाय दुखत असेल तर स्वयंपाकघरातलं जुनं लाटणं जमिनीवर ठेवून त्यावर पाय फिरवा. जुनंच घ्या, नाहीतर वेगळंच दुखणं सुरू होईल. तीन-चार आठवडे सलग केल्याशिवाय फरक पडला नाही असं म्हणू नका. व्यायाम करताना दुखणं वाढत असेल तर मात्र थांबा.

गोळ्यांबद्दल एकच. स्नायू सैल करणाऱ्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे आपणहून सांगा.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

डावा गुडघा खरोखर झिजलेला असेल आणि रोजचा मार्ग गर्दीचा असेल तर हो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी, म्हणजे क्लच आणि गियरचं काम यंत्रानंच करायची सोय, आल्यापासून छोट्या गाड्यांतही क्लचपासून सुटका मिळू लागली. पण उजव्या घोट्याचं काम तेवढंच राहतं. आणि रिकामा डावा पाय ब्रेकवर वापरायचा मोह टाळा. क्लचची सवय असलेला पाय ब्रेक तळापर्यंत दाबतो आणि मागचा येऊन आदळतो. गाडी बदलण्याआधी महिनाभर वर लिहिलेलं करून बघा. मी बदलणार होतो, केबल आणि सीटवर भागलं.

ज्या दुखण्यात सीटचा दोष नाही

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, रंग बदलला: त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि ती पोटरी चोळायची नाही. ही शिरेतली गाठ असू शकते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, प्लास्टर असलेले, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, कॅन्सरवर उपचार चालू असलेले, पूर्वी गाठ झालेले, यांनी तर अजिबात वाट पाहू नये. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर स्वतः गाडी चालवत जायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

पाऊल वर उचलता येत नाही, पायातली ताकद जातेय, किंवा कंबरदुखीबरोबर जांघेची-बैठकीची जागा बधिर झाली आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तातडीनं रुग्णालय गाठा. या शेवटच्या लक्षणांत तासांनी फरक पडतो.

मधुमेह असेल आणि तळपाय जळजळत किंवा बधिर होत असतील तर गोष्ट दुखण्यापुरती उरत नाही. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अशा पायाला ब्रेक किती दाबला तेही कळत नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि चालताना पोटरी दुखते, थांबलं की राहते, असं होत असेल, विशेषतः सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत, तर रक्तवाहिन्या तपासून घ्या.

बाकी साधं दुखणंही तीन-चार आठवड्यांत हटलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाताना एवढं घेऊन जा: आठवडाभराची नोंद, गाडी कोणती आणि क्लच केबलचा की हायड्रॉलिक, रोज किती वेळ बसता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि गाडी चालवताना घालता ते बूट. शक्य असेल तर गाडीत नेहमीसारखे बसलेले असताना बाजूच्या दारातून घरच्या कुणाला एक फोटो काढायला सांगा. माझ्या एक्स-रेकडे पाच सेकंद बघितलेल्या बाईंनी तो फोटो मोठा करून पाच मिनिटं न्याहाळला होता.